खाडी ओलांडताना

शाळेत असताना 'इंग्लिश खाडी' हा शब्द प्रथम कानी पडला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे वसईची खाडी उभी राहिली. आमचे बालपण तिच्या उत्तर तीरावर गेले. भरती-ओहोटीचा अदमास घेऊन होडीत पाय टाकावा, नावाड्याशी चार गोष्टी बोलाव्यात आणि त्या संपण्यापूर्वी पलीकडचा काठ लागावा, एवढाच खाडीचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. इंग्लिश खाडी तिच्या सर्वांत अरुंद जागी, म्हणजे डोव्हरच्या सामुद्रधुनीत, सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे हे पुढे पाठ केले; तरी मनातील होडी काही गेली नाही. शब्द माणसाला फसवितात ते असे. या फसगतीची किंमत २०२३ च्या जुलै महिन्यात मोजावी लागली. आम्ही मोजली असे म्हणणे खरे होणार नाही. ती आमच्यामुळे दुसऱ्यांनी मोजली, म्हणूनच ही हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचा पुतण्या इंग्लंडच्या ईशान्य भागात, डरहॅम शहराजवळ राहतो. तो अभियंता आहे. सूनबाई तेथील इस्पितळात परिचारिका आहे. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे. उन्हाळ्यात तिकडच्या धर्मगुरूंना थोडा विसावा मिळावा म्हणून एका धर्मग्रामाचा भार काही आठवडे सांभाळण्याचे आम्ही कबूल केले होते. काम ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायचे होते, आणि आम्ही जुलैच्या मध्यासच पुतण्याकडे जाऊन राहिलो होतो. या लवकर जाण्यामागे एक हेतू होता. सेमिनरीत आम्हांस नीतिशास्त्र शिकविणारे आमचे बेल्जियन गुरुजी आयुष्याची चाळीस वर्षे भारतात वेचून वृद्धापकाळी मायदेशी परतले होते आणि लूव्हेन शहरातील एका वृद्धाश्रमात राहत होते. त्यांचे दर्शन घ्यावयाचे, हे मनात पक्के होते. बेल्जियमचा व्हिसाही आम्ही मुंबईहून काढून आणला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी सायंकाळी लूव्हेनहून दूरध्वनी आला. आश्रमातील सिस्टर बोलत होत्या. गुरुजींची प्रकृती खालावत आहे, सकाळच्या वेळी तेवढे ते शुद्धीवर आणि प्रसन्न असतात, यायचे असेल तर लांबवू नका, असा त्यांचा निरोप. पुतण्याने लगेच शुक्रवारची रजा मागून घेतली आणि रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातील टेबलावर रस्त्यांचा मोठा नकाशा पसरला.

ब्रिटनच्या उत्तरेकडून मोटारीने युरोपखंडात जाणाऱ्यास वाटा पुष्कळ आहेत, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. डरहॅमला सर्वांत जवळची बोट टाइन नदीच्या मुखाशी, न्यूकॅसलजवळ लागते. ती सायंकाळी पाचच्या सुमारास निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलंडमध्ये आम्स्टरडॅमजवळच्या आयमाउडेन बंदरात पोहोचते. दुसरी बोट हल येथून, हंबर नदीच्या काठावरून रात्री साडेआठच्या आगेमागे सुटते आणि सकाळी आठच्या सुमारास रॉटरडॅमच्या युरोपोर्टला लागते. डरहॅमहून हल सुमारे २०० किलोमीटर. पूर्वी हलहून थेट बेल्जियममधील झीब्रुगे बंदरालाही बोट जाई, ती २०२१ च्या प्रारंभी बंद झाली. स्कॉटलंडमधील रोसाइथहून झीब्रुगेला जाणारी बोट २००२ साली सुरू झाली होती, तिने २०१० च्या अखेरीस प्रवासी नेणे सोडले. त्यामुळे स्कॉटलंडच्या माणसालाही आता न्यूकॅसल किंवा हल गाठावे लागते. त्याहून खाली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हॅरिच आहे. तेथून हूक ऑफ हॉलंडला दिवसाही बोट जाते आणि रात्रीही.

मग येतो दक्षिणेचा टोकाचा भाग. डोव्हरहून कॅले दीड तासाचे, डंकर्क दोन तासांचे. आणि डोव्हरशेजारच्या फोकस्टनहून समुद्राखालचे भुयार. हे भुयार सुमारे ५० किलोमीटर लांब आहे आणि त्यांपैकी ३८ किलोमीटर समुद्रतळाखालून जाते. ६ मे १९९४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मोटार आगगाडीच्या डब्यात चढवावयाची, आपण मोटारीतच किंवा तिच्या बाजूस थांबावयाचे आणि ३५ मिनिटांत फ्रान्सच्या भूमीवर उतरावयाचे. याखेरीज पश्चिमेकडे न्यूहेवन, पोर्टस्मथ, प्लिमथ ही बंदरे आहेत, पण ती नॉर्मंडी, ब्रिटनी किंवा थेट स्पेनमधील सांतांदेर आणि बिल्बाओ येथे जाणाऱ्यांच्या उपयोगाची. बेल्जियमला निघालेल्या माणसास त्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते.

"३५ मिनिटे!" आम्ही म्हणालो. "आणि बोटीला रात्रभर? उद्या रात्री निघू, पहाटे भुयार पार करू आणि परवा दुपारच्या आत गुरुजींपाशी पोहोचू."

सूनबाईने नकाशावर बोट ठेवले. ती स्वभावाने मितभाषी आहे. "फादरकाका, तुम्ही पाणी मोजता, रस्ता मोजत नाही," ती म्हणाली. "येथून फोकस्टन सव्वापाचशे किलोमीटर. हे दिवसभर काम करून येणार. माझी आज शेवटची रात्रपाळी, उद्या मला काही गाडी धरवायची नाही. हलच्या बोटीत एक केबिन शिल्लक दिसते आहे. यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली तर दुपारी चारला निघू आणि बोटीत रात्रभर झोपू. युरोपोर्टहून लूव्हेन दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. कॅलेहून त्याहून जास्त पडते."

आज तिचे गणित आठवले की मान खाली जाते, कारण त्यात एकही चूक नव्हती. लंडनच्या माणसाला डोव्हर दोन तासांवर आहे, म्हणून त्याच्या दृष्टीने सर्वांत अरुंद पाणी तोच सर्वांत जवळचा मार्ग. उत्तरेच्या माणसाला मात्र त्या अरुंद पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी सारा इंग्लंड देश उभा ओलांडावा लागतो. शिवाय बोट मुक्कामाच्या अधिक जवळ नेऊन सोडीत होती. भाड्याचा आकडा बोटीचा मोठा दिसत होता हे खरे. पण त्यात रात्रीच्या निवाऱ्याचे पैसे आलेले असतात आणि काही तासांचे पेट्रोल वाचते, ही बेरीज आम्ही केलीच नाही.

उलट आम्ही वाद घातला. हलहून बोट चालविणाऱ्या पी अँड ओ कंपनीने १७ मार्च २०२२ रोजी जवळजवळ ८०० खलाशांना एका दिवसात, पूर्वसूचनेवाचून कामावरून काढले होते. हलच्या बंदरात उभ्या असलेल्या बोटीवरील खलाशांनी त्या दिवशी खाली उतरण्यास नकार दिल्याची बातमी आम्ही वाचली होती. "अशा कंपनीच्या बोटीत बसावे काय?" असा प्रश्न आम्ही केला. प्रश्न रास्त होता. श्रमिकाच्या हक्काविषयी व्यासपीठावरून बोलणाऱ्याने तो करावयासच हवा. पण आम्ही तो प्रामाणिकपणे केला नाही. आमची घाई झाकण्यासाठी आम्ही तत्त्वाचे पांघरूण घेतले होते. त्या पांघरुणाखाली आणखी एक गोष्ट दडलेली होती, ती म्हणजे भीती. ६ मार्च १९८७ रोजी झीब्रुगेहून डोव्हरला निघालेल्या 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' या बोटीचे मोटारी चढविण्याचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले आणि बंदराबाहेर पडताच ती काही क्षणांत कलंडली. १९३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी आम्ही शाळकरी विद्यार्थी होतो. वर्तमानपत्रातील ते आडव्या बोटीचे चित्र आमच्या मनातून कधीच पुसले गेले नाही. त्यानंतर अशा बोटींच्या सुरक्षिततेचे नियम कितीतरी कडक झाले, हे जाणूनही.

शेवटी पुतण्या म्हणाला, "काकांच्या मनात आहे ना? मग तसेच जाऊ."

वडीलधाऱ्यांना नाही म्हणावयाचे नाही, ही शिकवण त्याला लहानपणी आम्हीच दिली होती. त्या रात्री तिचा दाखला मिळाला, आणि तो आम्हांस गोड वाटला!

गुरुवारी रात्री नऊला आम्ही चौघे निघालो. नात मागच्या आसनावर तिच्या खुर्चीत लगेच झोपली. सूनबाई तिच्या शेजारी, आम्ही पुढे. डरहॅमहून दक्षिणेकडे जाणारा ए-वन हा मार्ग म्हणजे लंडन आणि एडिंबरा यांना जोडणारी फार जुनी वाट. डॉनकास्टर, न्यूअर्क, पीटरबरो अशी नावे दिव्यांच्या उजेडात येत होती आणि मागे पडत होती. आम्ही पुतण्याला जागे ठेवण्यासाठी गप्पा मारीत होतो, असे आम्हांस वाटत होते. केंब्रिजनंतर आमचाच डोळा लागला असला पाहिजे. जाग आली तेव्हा मोटार टेम्स नदीवरच्या डार्टफर्डच्या उंच पुलावर होती. "रात्री दहा ते सकाळी सहा येथे पथकर नाही, काका. तेवढीच आपली बचत," पुतण्या हसून म्हणाला. त्याचा आवाज जड होता. आम्हांस तो ऐकू आला आणि तरीही आम्ही थांबू या म्हणालो नाही. भुयाराच्या गाडीची ठरलेली वेळ पहाटे पाचची होती, आणि आमचे सारे लक्ष घड्याळाकडे लागले होते.

पुढे केंट परगण्यातून समुद्राकडे जाणारा एम-ट्वेंटी मार्ग लागला. रात्रीचे अडीच वाजले असतील. रस्ता सरळ, पाऊस नाही, शेजारून मालमोटारींची रांग एका लयीत चाललेली. एकाएकी मोटारीखालून मोठी घरघर ऐकू आली. या रस्त्यांच्या कडेची पांढरी रेघ उंचवट्यांची केलेली असते. चाक तिच्यावर चढले की ती ओरडते. त्याच क्षणी मागून सूनबाईने नवऱ्याला हाक मारली. तशी हाक आम्ही त्यापूर्वी एकदाच, एका बुडत्या मुलाच्या आईच्या तोंडून ऐकली होती. पुतण्याने चाक सावरले. कडेला एक नादुरुस्त मालमोटार उभी होती, तिच्यापासून आम्ही किती अंतरावरून गेलो, हे आम्ही अद्याप त्याला विचारलेले नाही. नात जागी झाली आणि म्हणाली, "पोहोचलो का?"

पुढच्या विश्रांतिस्थानी पुतण्याने मोटार उभी केली, आसन मागे टाकले आणि एक शब्दही न बोलता तो झोपला. आम्ही खाली उतरलो. सूनबाईही उतरली. तिने आम्हांस दोष दिला नाही. कागदी पेल्यात चहा आणून दिला आणि म्हणाली, "इस्पितळात रात्री अपघातवाले येतात ना, त्यांतले पुष्कळ असेच 'अगदी जवळ आलो होतो' म्हणतात." एवढे बोलून ती मुलीजवळ जाऊन बसली. आम्ही जपमाळ काढली, परंतु त्या रात्री बोटे मण्यांवर सरकेनात.

पुतण्या सातला उठला. गाडीची वेळ केव्हाच टळली होती. फोकस्टनला पोहोचलो तो शाळांना सुट्टी लागण्याचा शुक्रवार. मोटारींची ही रांग. जादा पैसे भरून दुपारी एकच्या गाडीत जागा मिळाली. ३५ मिनिटांच्या प्रवासासाठी आम्ही त्या आवारात पाच तास बसून राहिलो.

त्या पाच तासांत आम्हांस डरहॅमजवळच्या उशॉ कॉलेजची आठवण झाली. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण निषिद्ध होते त्या काळात, १५६८ साली विल्यम ॲलन यांनी खाडीपलीकडे दुए येथे इंग्रज विद्यार्थ्यांसाठी गुरुविद्यालय स्थापिले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते बंद पडले आणि त्याची एक शाखा १८०८ पासून उशॉ येथे नांदली. २०११ साली तेथील सेमिनरीही बंद झाली. उत्तर इंग्लंडातील कितीतरी तरुणांनी दुएला जाण्यासाठी ही खाडी ओलांडली. १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने मायदेशी पाऊल टाकणे हाच राजद्रोह ठरला. बंदरांवर पाळत असे. अशा वेळी सर्वांत जवळचे, सर्वांत गजबजलेले बंदर हेच सर्वांत धोक्याचे ठरू शके. त्या तरुणांनी आपली वाट निवडताना आपला जीव पणाला लावला होता. आम्ही पुतण्याचा आणि नातीचा पणाला लावला होता, आणि तोही केवळ काही तास वाचविण्यासाठी.

भुयारातून बाहेर पडल्यावर रुळांच्या आणि रस्त्यांच्या दुतर्फा उंच कुंपणे दिसली, वर काटेरी तारांची वेटोळी. पलीकडे जाण्यासाठी गाड्यांत शिरू पाहणाऱ्या निर्वासितांना अडविण्यासाठी ती आहेत. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी याच सामुद्रधुनीत एक रबरी होडी बुडाली आणि किमान २७ जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. जेथे आम्ही नकाशा पसरून पाच-सहा वाटांतून निवड केली, तेथे त्यांच्यापुढे एकच वाट होती. नातीने विचारले, "हे कुंपण कोणासाठी?" पुतण्या म्हणाला, "ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यासाठी." ती बराच वेळ खिडकीतून मागे पाहत राहिली.

लूव्हेनला पोहोचेपर्यंत सायंकाळचे सात झाले. गुरुजी झोपले होते. सिस्टर दारातच म्हणाल्या, "काल रात्री तुमचा निरोप मिळाल्यापासून ते आनंदात होते. आज सकाळी नऊपासून बारापर्यंत खिडकीजवळ खुर्चीत बसून होते. आम्ही सांगितले तरी बिछान्यावर जाईनात. दुपारी फार थकले."

आम्ही हिशेब केला. तो न करता राहवेना. हलची बोट घेतली असती तर सकाळी आठला युरोपोर्टला उतरून अकराच्या सुमारास आम्ही त्या खिडकीखाली उभे असतो. ज्या मार्गाला आम्ही लांबचा म्हणून नाकारले, तोच आम्हांस वेळेवर पोहोचविणार होता.

शनिवारी सकाळी गुरुजींनी डोळे उघडले. हात उचलून आशीर्वाद दिला. आवाज क्षीण होता, पण मराठी शाबूत होते. आम्हांस ते अजून 'बाळ' म्हणत. इकडच्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोणत्या वाटेने आलास?" त्यांच्या तरुणपणी ऑस्टेंडहून डोव्हरला बोटी जात, त्या बोटीने ते कितीदा गेले होते, हे त्यांना आठवत होते. आम्ही सारी हकिगत सांगितली. उशीर झाल्याबद्दल, त्यांना तीन तास तिष्ठत ठेवल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली.

त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग विचारले, "गाडी कोण चालवीत होते?"

"आमचा पुतण्या."

"मग क्षमा त्याची माग. मी तर खुर्चीत बसलो होतो."

नीतिशास्त्राच्या तासाला ते हेच शिकवीत असत. साध्य चांगले असले म्हणजे साधनाची निवड आपोआप चांगली होत नाही. निवड करताना तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, ते प्रथम पाहावे. हे आम्ही परीक्षेत उत्तम गुणांनी लिहिले होते. ते लिहिल्याला पंचवीसएक वर्षे झाली होती. पण आजवर ते आमच्या वहीतच राहिले होते.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना झोप लागली. आम्ही बाहेर आलो. पुतण्या आश्रमाच्या आवारात मुलीला घेऊन बदके दाखवीत होता. पन्नाशी उलटलेल्या, लोकांची पापकबुली ऐकणाऱ्या माणसास आपल्या हाताखाली वाढलेल्या मुलाची क्षमा मागणे किती जड जाते, ते त्या दिवशी कळले. "तुला नाही म्हणता येणार नाही हे आम्हांस ठाऊक होते, आणि त्याचाच आम्ही फायदा घेतला," एवढे कसेबसे बोललो. तो गडबडला. "असे काय काका, मीच बोलायला हवे होते," असे म्हणून त्याने मुलीला आमच्या हाती दिले आणि तोंड फिरवून नाक शिंकरले. थोड्या वेळाने म्हणाला, "परत जाताना हलची बोट घेऊ या?" त्याने आमच्या शब्दाची वाट न पाहता आपली इच्छा सांगितली, ती बहुधा पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी गुरुजींच्या खोलीत त्यांच्यासमवेत मिस्सा अर्पण केली. सायंकाळी युरोपोर्टला आलो. मोटार बोटीच्या पोटात ठेवून सर्वांनी वर यावे लागते. बोट चालू असताना खाली जाऊ देत नाहीत. तेलशुद्धीकरणाच्या धुराड्यांमधून, पवनचक्क्यांच्या रांगांमधून बोट हळूहळू बाहेर निघाली. जेवणाच्या वेळी थाळ्या उचलणारा फिलिपिनो तरुण सहा महिने घरी गेला नव्हता. त्याच्याशी बोलताना २०२२ च्या त्या ८०० खलाशांचा प्रश्न पुन्हा मनात आला. तो प्रश्न सुटलेला नव्हता. फक्त या वेळी आम्ही तो कशाचे निमित्त म्हणून वापरीत नव्हतो. पुतण्या नऊलाच केबिनमध्ये जाऊन झोपला. सूनबाई वरच्या बिछान्यावर, नात तिच्या कुशीत. रात्री लाटांनी बोट थोडी डोलली, आमच्या छातीत धडधड झाली. पण शेजारून पुतण्याचे संथ घोरणे ऐकू येत होते, आणि त्या आवाजाने आम्हांस धीर दिला. सकाळी हंबरच्या मुखातील स्पर्नची वाळूची जीभ दिसू लागली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "किती दिवसांनी अशी झोप लागली!"

गुरुजी त्याच वर्षी नाताळापूर्वी प्रभुचरणी गेले.

आमच्या गावची बरीच मुले-मुली आता इंग्लंडच्या उत्तर भागातील इस्पितळांतून काम करतात. उन्हाळ्यात त्यांना युरोप पाहावासा वाटतो, आणि आमची ही हकिगत कानावर गेल्याने त्यांतील काही जण कोणती वाट घ्यावी म्हणून विचारतात. रात्रीची बोट हेच सर्वांसाठी उत्तर, असे आम्ही सांगत नाही. तिची दिवसाला एकच खेप असते. ती चुकली की दिवस गेला, तर डोव्हरला एक बोट चुकली तरी दुसरी असते. हिवाळ्यात उत्तर समुद्र खवळतो; ज्याला बोट लागते त्याच्यासाठी रात्रभराचा तो प्रवास शिक्षाच. सुट्टीच्या दिवसांत केबिनचे दर चढतात. पॅरिसकडे जाणाऱ्यास आणि वाटेत एक रात्र दक्षिणेत मुक्काम करू शकणाऱ्यास भुयार किंवा डोव्हर सोयीचे. मात्र एलपीजीवर चालणारी मोटार भुयारात घेत नाहीत. डोव्हर आणि फोकस्टन येथे फ्रान्सचे अधिकारी पासपोर्ट इंग्लंडच्या भूमीवरच तपासतात, म्हणून खोळंबा झाला तर तो खाडीच्या अलीकडेच होतो. हल आणि न्यूकॅसलहून गेल्यास ती तपासणी हॉलंडमध्ये उतरल्यावर होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय देशांनी बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र सीमेवर घेण्यास प्रारंभ केला आहे, तेव्हा हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा. आणि ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला तरी भारतीय पासपोर्टधारकास शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे विसरू नये.

हे सारे सांगून झाल्यावर आम्ही उलट दोनच प्रश्न विचारतो. गाडी कोण चालविणार? आणि त्याने आदल्या रात्री झोप घेतली आहे का? बरेच जण यावर हसतात. एकीने मात्र परवा कळविले की, तिच्या सासऱ्यांनी भुयाराचा आग्रह धरला होता आणि नवरा काही बोलत नव्हता. तेव्हा हे प्रश्न तिने मोठ्याने विचारले. मग त्यांनी न्यूकॅसलची बोट घेतली.